शाहीर साबळे : डफापासून लोकधारेपर्यंत

आपल्या भागात जागरण-गोंधळ असो की भजनाचा फड, शाहीर साबळ्यांनी गायिलेले एखादे गाणे निघतेच. नव्या पिढीला गाणे ठाऊक असते, पण गाणारा माणूस फारसा ठाऊक नसतो. म्हणून मंडळाच्या सभासदांसाठी ही थोडक्यात ओळख.

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी वाईजवळच्या पसरणी गावी झाला. शिक्षणासाठी ते अमळनेरला आजीकडे राहिले आणि तिथे त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. शाळा लवकर सुटली, पण गाणे सुटले नाही. स्वातंत्र्याच्या चळवळीत आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा डफ वाजत राहिला.

शाहीर म्हणजे नुसता गायक नव्हे. तो स्वतः रचतो, चाल लावतो आणि झीलकऱ्यांच्या साथीने समोरच्या माणसांशी बोलत बोलत गातो. साबळे हे सगळे करत. पण ते पोवाड्यावर थांबले नाहीत. तमाशात गण, गौळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो. त्यातला मोकळेपणा आणि हजरजबाबीपणा घेऊन त्यांनी आजच्या प्रश्नांवर मुक्तनाट्ये उभी केली. ‘यमराज्यात एक रात्र’ आणि ‘आंधळं दळतंय’ ही त्यांतली गाजलेली नावे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण आपल्या घरांतही आहे. मुंबईतल्या मराठी माणसाची अवस्था त्यांनी या एका म्हणीत पकडली.

‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि आवाज साबळ्यांचा. २०२३ मध्ये, म्हणजे शाहिरांच्या जन्मशताब्दी वर्षातच, ते महाराष्ट्राचे राज्यगीत झाले.

तरी आम्हाला त्यांचे सर्वांत मोठे काम ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हेच वाटते. वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, कोळीगीते, भारूड असे गावोगाव विखुरलेले प्रकार त्यांनी एका रंगमंचावर आणले. भरत जाधव, अंकुश चौधरी आणि त्यांचे नातू केदार शिंदे हे पुढे नावारूपाला आलेले कलावंत याच लोकधारेत घडले. संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि १९९८ ची पद्मश्री हे सन्मान त्यांना मिळाले. २० मार्च २०१५ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले.

आम्हा सीमाभागातल्या लोकांना यातून काय घ्यायचे? जेजुरीचा खंडोबा आपल्या बीदर जिल्ह्यात खानापूरला मैलार मल्लण्णा होतो. देव तोच, भंडारा तोच, गाणी मात्र मराठीतही आणि कन्नडमध्येही. ही गाणी बहुतेक वेळा वहीत नसतात, एखाद्या आजीच्या तोंडी असतात. ती गेली की गाणेही जाते. पोरे कोणत्याही माध्यमाच्या शाळेत शिकोत, आजीचे जात्यावरचे गाणे त्यांच्या मोबाइलमध्ये उतरवून घेणे अवघड नाही. शेजारी कन्नड पद म्हणणारे आजोबा असतील तर त्यांचेही उतरवून घ्यावे.

साबळ्यांनी हे काम अवघ्या महाराष्ट्रासाठी केले. आपण निदान आपल्या घरापुरते करू या.