केक उंच का होत नाही?

घरी केक करणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. साहित्य तेच, कृती तीच, तरी एका वेळी केक छान फुलून येतो आणि पुढच्या वेळी चपटा राहतो. मध्ये जॅम किंवा क्रीम घालून थरांचा केक करायचा असेल तर हे फारच जाणवते. मग बहुतेक जण बेकिंग पावडर वाढवतात आणि केक बहुधा आणखीच बिघडतो. असे का होते हे शोधताना शाळेत शिकवलेले बरेच भौतिक व रसायनशास्त्र कामी येते. शिवाय हे सारे करून पाहता येते.

बुडबुडे येतात कुठून?

बेकिंग पावडरमध्ये खाण्याचा सोडा, एखादे कोरडे आम्ल आणि ओल शोषण्यासाठी स्टार्च असतो. पाणी मिळाले की सोडा व आम्ल यांची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये अशी पावडर तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे.

एक चमचा पावडरीत साधारण १ ग्रॅम सोडा धरू. ८४ ग्रॅम सोड्यापासून एक मोल वायू मिळतो. या हिशेबाने १ ग्रॅमपासून नेहमीच्या तापमानाला जवळजवळ ३०० मिलिलीटर वायू मिळेल. एका लहान केकला तो पुरेसा आहे. तेव्हा अडचण वायूच्या कमतरतेची नाही. तो वायू साठणार कुठे, हा खरा प्रश्न आहे.

द्रवातल्या बुडबुड्याच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. हा जादा दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. केकच्या मिश्रणाचा पृष्ठताण मीटरला सुमारे ०.०५ न्यूटन धरू. बुडबुड्याची त्रिज्या ५० मायक्रोमीटर असेल तर जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या फक्त २ टक्के येतो. पण नुकत्याच जन्मणाऱ्या, ०.१ मायक्रोमीटर त्रिज्येच्या बुडबुड्यासाठी हाच आकडा सुमारे १० वातावरणांइतका होतो! फुगा फुगवताना पहिली फुंकर सर्वांत जड जाते, तसेच काहीसे हे आहे.

म्हणून मिश्रणात सुटलेला कार्बन डायऑक्साइड सहसा नवे बुडबुडे निर्माण करत नाही. तो आधीपासून असलेल्या बुडबुड्यांत शिरतो आणि त्यांना मोठे करतो. पेल्यात सोडावॉटर ओतल्यावर बुडबुड्यांच्या माळा ठरावीक जागांवरूनच उठतात. तेथे ओरखड्यात किंवा धुळीच्या कणात थोडी हवा अडकलेली असते.

केकमध्ये हे आधीचे बुडबुडे येतात ते फेटण्यातून. केकची उंची मोठ्या प्रमाणात तेथेच ठरते.

फेटण्याचे महत्त्व

बटर आणि साखर एकत्र फेटताना साखरेच्या खरबरीत कडा बटरमध्ये हवेचे सूक्ष्म कप्पे ओढून आणतात. आपली दाणेदार साखर यासाठी जरा जाड पडते, तर पिठीसाखरेला कडाच उरत नाहीत. मिक्सर क्षणभरच फिरवून साखर बारीक रव्याइतकी करावी. बटर बोटाने दाबल्यास खळगा पडेल इतके मऊ हवे, पण वितळू लागलेले नको. १८ ते २० अंश सेल्सिअस हे तापमान चांगले. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ठेवलेले बटर इतके सैल होते की त्यात हवा टिकतच नाही. अशा वेळी भांडे गार पाण्यात ठेवून फेटावे. मिश्रण पांढुरके आणि हलके झाले म्हणजे हवा शिरली. मैदा घातल्यावर मात्र फार ढवळू नये, नाहीतर ग्लुटेनचे धागे तयार होऊन केक चिवट होतो.

फुगणे आणि घट्ट होणे यांची शर्यत

ओव्हनमध्ये बुडबुडे मोठे होतात ते केवळ पावडरीमुळे नव्हे. २७ अंशांवरची हवा ९० अंशांपर्यंत तापवली तर ती जेमतेम २१ टक्क्यांनी प्रसरण पावते. पण ९० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे ७० टक्के असतो. म्हणजे बुडबुड्यातल्या हवेच्या वाट्याला ३० टक्के दाबच उरतो आणि तिला तिपटीहून अधिक जागा लागते. दोन्ही परिणाम मिळून आकारमान पावणेचारपटीच्या घरात जाते. साखरेमुळे वाफेचा दाब थोडा कमी होतो व काही बुडबुडे फुटतातही, त्यामुळे प्रत्यक्षात इतकी वाढ होत नाही. तरीही, अंडी भरपूर फेटून केलेला स्पंज केक पावडरीशिवाय कसा फुगतो, याचे उत्तर यात आहे.

बुडबुडे फुगत असताना दुसरीकडे अंड्यातली प्रथिने गोठत असतात आणि मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगत असतो. नुसत्या पाण्यात गव्हाचा स्टार्च ६० अंशांच्या आसपास फुगतो. केकमधल्या साखरेमुळे हे तापमान ८० ते ९० अंशांवर जाते व बुडबुड्यांना वाढायला वेळ मिळतो. बुडबुडे पुरेसे मोठे झाले की भिंती घट्ट व्हाव्यात, असा मेळ बसला तर केक उंच होतो.

आता दुप्पट पावडर घातली तर? बुडबुड्यांची संख्या तेवढीच राहते, पण प्रत्येक बुडबुडा लवकर व जास्त फुगतो. भिंती पातळ होऊन फुटतात आणि शेजारचे बुडबुडे एकत्र येतात. त्रिज्या दुप्पट झाली की वर चढण्याचा वेग चौपट होतो. मोठे बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटतात आणि केक मध्यभागी खचतो.

महाबळेश्वरसारख्या सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या गावी हवेचा दाब कमी असल्याने बुडबुडे अधिक सहज फुगतात. तेथे पावडर थोडी कमीच घालावी.

डब्याची भूमिती

एक लिटर मिश्रण २० सेंटिमीटर व्यासाच्या डब्यात ३.२ सेंटिमीटर उंच भरते, तर २३ सेंटिमीटरच्या डब्यात फक्त २.४. व्यासातला थोडा फरक वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

मग एकाच डब्यात दुप्पट मिश्रण का भरू नये? जाडी दुप्पट झाली की तळाकडून मध्यापर्यंत उष्णता पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. कडा केव्हाच घट्ट होतात, मध्य मागून फुगतो, मग वर घुमट येतो आणि त्याला भेग पडते. म्हणून थरांच्या केकसाठी दोन डबे वापरतात. डब्याच्या बाजूंना तूप लावू नये, तळाला फक्त कागद घालावा; फुगणाऱ्या मिश्रणाला वर चढायला आधार मिळतो. विजेच्या ओव्हनमध्ये डब्याभोवती ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळली तर पाणी असेपर्यंत बाजू १०० अंशांच्या फार वर जात नाहीत आणि केक सपाट फुगतो. कापड तारांना लागू देऊ नये.

वर्गात करून पाहा

१०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम बटर आणि ढवळलेली २ अंडी यांचे प्रत्येकी चार समान भाग करा. तीन भागांतले बटर व साखर एकत्र फेटा, त्यात तीन भाग अंडे थोडे थोडे मिसळा आणि मिश्रण तीन सारख्या वाट्यांत वाटा. पहिल्या वाटीत नुसता मैदा घाला, दुसरीत पाव चमचा पावडर मिसळलेला मैदा आणि तिसरीत अर्धा चमचा पावडर मिसळलेला मैदा. चौथ्या वाटीत वितळलेले बटर घेऊन सारे साहित्य न फेटता मिसळा. पावडर पाव चमचाच. ओव्हन नसेल तर जाड पातेल्यात वाळू आधी तापवून, झाकण ठेवून वाट्या भाजता येतील. भाजण्याचे काम शिक्षकांनी जवळ उभे राहून करून घ्यावे.

भाजण्यापूर्वी विद्यार्थ्यांना उंचीचा क्रम लिहून ठेवायला सांगा. नंतर प्रत्येक केकची उंची कडेला आणि मध्यभागी मोजा, गार झाल्यावर पुन्हा मोजा. मग केक कापून भिंगातून छिद्रे पाहा. पहिली आणि चौथी वाटी शेजारी ठेवून विचारा: पावडर नसलेली, पण फेटलेली वाटी किती फुगली? फेटलीच नाही, पण पावडर घातली, ती किती? दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटीत मध्य व कडा यांत किती फरक पडला? प्रत्येक जोडीत एकच गोष्ट बदलली आहे का, हेही विद्यार्थ्यांनीच तपासावे. पहिल्या आणि चौथ्या वाटीत दोन गोष्टी बदलल्या आहेत. तेव्हा नेमका निष्कर्ष काढायला पाचवी वाटी कोणती लागेल, हे त्यांना ठरवू द्या.