आगाऊ शुल्क मागणारी ‘ब्रँड डील’

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे तालुके रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींसाठी आणि घोड व भीमा या नद्यांकाठच्या शेतीसाठी ओळखले जातात. तथापि येथील तरुणांच्या हाती मोबाइल आल्यापासून शेतीची माहिती, नववधूचा मेकअप किंवा गावरान विनोद यांची रील करून कमाई करण्याची नवी वाटही खुली झाली आहे. या वाटेवर फसवणूक होते, याचे कारण केवळ भोळेपणा नव्हे. बाजारपेठेतील दुकानदाराची पत चार ओळखीच्या माणसांकडून पारखता येते, परंतु ‘मुंबईच्या एजन्सी’ची पारख करण्याचे तसे साधन तालुक्याच्या गावी उपलब्ध नसते, आणि खरा करार कसा होतो हे पाहिलेले नसल्याने खोटा करारही खराच भासतो.

खऱ्या ‘ब्रँड डील’मध्ये, म्हणजे मोबदल्याच्या बदल्यात एखाद्या उत्पादनाची प्रसिद्धी करण्याच्या करारात, कंपनी किंवा तिची जाहिरात संस्था ग्राहक असते आणि रील करणारी व्यक्ती सेवा पुरवणारी असते. मोबदला रोख मानधनाचा असतो किंवा वस्तूच्या रूपाने दिला जातो. या दुसऱ्या प्रकाराला ‘बार्टर’ म्हणतात. काम, मुदत आणि रक्कम लेखी ठरते, त्यानंतर सेवा देणारा बिल पाठवतो आणि कंपनी पैसे देते. अशा प्रसिद्धीत मोबदल्याचा संबंध प्रेक्षकांना स्पष्ट सांगावा, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ मधील मार्गदर्शिकेत नमूद आहे. म्हणून ‘जाहिरात असल्याचे लिहू नका’ अशी अट घालणारा प्रस्तावही संशयास्पद मानावा.

फसवणूक करणारे याच व्यवहारातील शब्द वापरतात, मात्र पैशाची दिशा उलटी करतात. ‘आधी जीएसटी भरा’ ही मागणी याचे ठळक उदाहरण होय. वस्तू व सेवा कर बिलात लावून ग्राहकाकडून घेतला जातो आणि सेवा देणाऱ्यांना त्याची नोंदणी सर्वसाधारणपणे २० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीनंतर आवश्यक ठरते, त्यामुळे नवख्या व्यक्तीने कंपनीला तो देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. टीडीएस, म्हणजे उगमस्थानी कपात होणारा आयकर, हा मानधन देणाराच त्यातून वजा करून सरकारकडे भरतो. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार वर्षभरात २० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या व्यावसायिक भेटवस्तूंवर १० टक्के कर लागतो, पण तो घेणाऱ्याने भरायचा झाला तरी स्वतःच्या पॅनवर सरकारी चलनाने भरला जातो, कोणाच्या वैयक्तिक यूपीआय खात्यात नव्हे.

मॉडेलिंगच्या नावाखाली हीच पद्धत नोंदणी शुल्क, ‘पोर्टफोलिओ’ (निवडक छायाचित्रांचा संच) आणि परत मिळणारी अनामत या क्रमाने चालते. पहिली रक्कम मुद्दाम लहान ठेवली जाते आणि ती बुडू नये या आशेने माणूस पुढची भरत जातो. ब्रिटनमध्ये छायाचित्र व फॅशन मॉडेलकडून काम मिळवून देण्यापूर्वी शुल्क घेण्यावर २०१० पासून बंदी आहे, यावरून ही पद्धत तालुक्याच्या गावांपुरती मर्यादित नाही हे लक्षात येते.

पैशांइतकेच धोक्यात येते ते खाते आणि खासगीपण. ‘कोलॅबसाठी’ पाठवलेल्या लिंकवर पासवर्ड किंवा ओटीपी दिल्यास इन्स्टाग्राम खाते हातचे जाते. ‘शरीरयष्टी तपासण्यासाठी’ मागवलेली छायाचित्रे पुढे खंडणीचे साधन होतात. नावापुढची निळी खूण हाही निर्णायक पुरावा नव्हे, कारण भारतात जून २०२३ पासून ती मासिक शुल्क भरूनही मिळू शकते.

त्यामुळे प्रस्ताव आल्यावर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर स्वतः संपर्क साधावा, जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर आणि कंपनीची नोंदणी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासावी. अशी नोंद सापडली तरी समोरची व्यक्ती त्याच कंपनीची आहे हे सिद्ध होत नाही, म्हणून कंपनीकडून थेट खातरजमा करणे अधिक महत्त्वाचे. चित्रीकरणासाठी पुण्या-मुंबईला बोलावल्यास सोबत कोणी असावे आणि अल्पवयीन मुलांचा व्यवहार पालकांनीच करावा.

पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे, कारण रक्कम काढून घेतली जाण्याआधी ती गोठवता येऊ शकते. स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँक भरून देईल असे गृहीत धरता येत नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करताना संभाषण, व्यवहार क्रमांक आणि खात्याची लिंक जपून ठेवावी, चॅट पुसू नये. संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आरोपी परराज्यात असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर शिरूर किंवा दौंड पोलीस ठाण्यात देता येते, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे कारण त्यासाठी अडसर ठरत नाही.