एअरबॅगचा दिवा विझत नाहीये? दिवा नको, बिघाड काढा!



धंद्यासाठी गाडी घेतली की आपण डिझेल, हप्ता, टायर, इन्शुरन्स सगळ्याचा हिशोब वहीत लिहितो. पण डॅशबोर्डवर दोन महिन्यांपासून पेटलेला एक छोटा दिवा कुणाच्याच वहीत नसतो. बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर गोल फुगा असं चित्र असलेला दिवा. काही गाड्यांत तिथं ‘एसआरएस’ अशी अक्षरं असतात. हा एअरबॅगचा दिवा.

"सर, गाडी तर मस्त पळतेय. मग गॅरेजला कशाला न्यायची?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. उत्तर सोपं आहे. गाडी पळते, कारण या दिव्याचा इंजिनशी काही संबंधच नाही. त्याचा संबंध फक्त धडकेच्या क्षणाशी आहे. आणि त्या क्षणी गॅरेजवाल्याला फोन करायला वेळ मिळत नाही.

दिवा नेमकं काय सांगतो?

किल्ली फिरवली की हा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. तेवढ्या वेळात एअरबॅगचा छोटा कॉम्प्युटर सगळ्या वायर, सेन्सर आणि सीटबेल्टची यंत्रणा तपासून घेतो. दिवा विझला, म्हणजे सगळं ठीक.

दिवा तसाच राहिला, लुकलुकला किंवा चालत्या गाडीत लागला, तर कुठेतरी बिघाड सापडलाय. अशा वेळी धडक झाली तर एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. किल्ली फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर तेही वाईट. बल्ब गेला असेल, किंवा कुणीतरी मुद्दाम काढला असेल.

कारणं बहुतेक साधी असतात

१. सीटखालचा कनेक्टर. एअरबॅगच्या वायर आणि कनेक्टर साधारणपणे पिवळे असतात. गाडी धुताना, सीट मागेपुढे करताना किंवा सीटखाली डबे-खोके कोंबताना तिथला कनेक्टर ढिला होतो. माल वाहणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

२. स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग. ही गुंडाळलेली पट्टीसारखी वायर असते. दिव्यासोबत हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणंही बंद पडली असतील, तर संशय इथेच घ्या.

३. कमजोर बॅटरी. व्होल्टेज कमी पडलं तरी दिवा लागू शकतो.

४. पाणी. एअरबॅगचा कॉम्प्युटर बऱ्याच गाड्यांत गिअरजवळ, खाली फ्लोअरवर असतो. पावसाळ्यात केबिनमध्ये पाणी शिरलं की तो भिजतो.

५. जुना अपघात. एअरबॅग उघडून गेली आणि नवी बसवलीच नाही. किंवा धडकेत सीटबेल्ट खेचून धरणारा भाग एकदा वापरला गेला आणि बदललाच नाही.

मग करायचं काय?

ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं असतं. एअरबॅगच्या दिव्याचं तसं नाही, गाडी सावकाश चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. पण "दिवाळीनंतर बघू" असं करू नका. पहिल्या मोकळ्या वेळेत न्या, आणि तोपर्यंत त्या गाडीला लांबची भाडी लावू नका.

पहिलं, सीटबेल्ट. एअरबॅग ही सीटबेल्टला जोड म्हणून असते, बेल्टच्या बदल्यात नाही. अलार्म गप्प करायला बकलमध्ये खोटी क्लिप अडकवलेली असेल तर आजच काढून फेका. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा क्लिप ऑनलाइन विकण्याविरुद्ध आदेश काढले, ते उगाच नाही.

दुसरं, गाडीचं मॅन्युअल उघडा. काही गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग बंद असल्याचा वेगळा दिवा असतो. तो बिघाडाचा नाही. दोन्हींत गल्लत नको.

तिसरं, लिहून ठेवा. दिवा कधी लागला? त्याआधी काय काम झालं? सीटकव्हर बदललं, स्टिरिओ बसवला, बॅटरी बदलली? ही एक ओळ मेकॅनिकचा बराच वेळ वाचवते.

चौथं, स्वतः वायर ओढू नका. एअरबॅगमध्ये छोटं स्फोटक असतं. टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावून बघणं धोक्याचं आहे. जाणकार माणूस आधी बॅटरी काढतो, काही मिनिटं थांबतो आणि मगच हात लावतो.

पाचवं, योग्य स्कॅनर. स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात. गॅरेजमध्ये आधीच विचारा, "तुमच्याकडे एसआरएसचे कोड वाचता येतात का?" कोडचा फोटो घ्या, आणि एस्टिमेट त्या कोडवरच मागा. "अंदाजे सगळंच बदलावं लागेल" यावर पैसे देऊ नका.

दिवा विझवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

बाजारात तीन जुगाड चालतात. नुसता कोड पुसणं, बल्ब काढणं, आणि एअरबॅगच्या जागी छोटा रेझिस्टर लावणं. रेझिस्टरमुळे कॉम्प्युटरला वाटतं की एअरबॅग जागेवर आहे. दिवा विझतो, पण स्टिअरिंगमध्ये काहीच नसतं. म्हणजे पैसे वाचले गाडीमालकाचे, आणि जोखीम गेली ड्रायव्हरच्या छातीवर!

म्हणूनच सेकंड-हँड गाडी घेताना टोकन देण्याआधी किल्ली फिरवा आणि तो दिवा बघा. तो लागला पाहिजे, आणि काही सेकंदांत विझलाही पाहिजे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी कारला ड्रायव्हरची एअरबॅग बंधनकारक आहे. त्यानंतरच्या कारमध्ये ती असणारच, फक्त चालू आहे का ते बघायचं. शक्य असेल तर एसआरएस स्कॅन करून घ्या, कारण रेझिस्टर कधी कधी त्या स्कॅनलाही चकवतो. म्हणून स्टिअरिंगचं कव्हर बदललंय का, हेही जाणकाराला दाखवा.

आणखी एक गोष्ट दिव्यावर दिसत नाही. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधलं स्फोटक उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडायचं, आणि उघडताना धातूचे तुकडे उडायचे. त्यामुळे जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, भारतातल्याही. मुंबई, कोकण, गोव्याची हवा कशी असते ते आपल्याला माहीत आहेच. जुनी गाडी असेल तर चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका किंवा शोरूमला विचारा. रिकॉलमधला भाग कंपनी मोफत बदलून देते.

आता धंद्याचं बोलू

समजा गाडी दिवसाला ₹२,००० कमावते. अर्धा दिवस गॅरेजमध्ये गेला, तर ₹१,००० बुडाले. याच हजाराला घाबरून आपण महिनोन् महिने टाळतो. त्यावर उपाय आहे. प्रत्येक किलोमीटरमागे ₹१ बाजूला टाका. महिन्याला २,००० किलोमीटर झाले तर वर्षाला ₹२४,००० जमतात. मग बिल आलं की खिशाकडे बघावं लागत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची नाही, स्वभावाची आहे. दिवा सगळ्यात आधी कुणाला दिसतो? ड्रायव्हरला. त्याने सांगितलं की मालक ओरडणार, "तूच काहीतरी केलं असशील" म्हणणार, पगारातून कापणार, हे त्याला माहीत असेल तर तो गप्पच बसतो. सांगणाऱ्याला शाबासकी द्या. ज्या दुकानात वाईट बातमी मालकापर्यंत पोचतच नाही, तिथं नुकसान आधी पोचतं.

गाडी तुमच्या नावावर आहे, पण रोज तीत बसणारा माणूस दुसऱ्याच कुणाच्या घरचा आहे. त्याच्या घरचे तुमच्या भरवशावर त्याला पाठवतात.

तर आजचं होमवर्क. उद्या सकाळी पहिली फेरी निघायच्या आधी ड्रायव्हरला शेजारी बसवा, किल्ली फिरवा, आणि दोघांनी मिळून दहा सेकंद फक्त डॅशबोर्डकडे बघा. कुठला दिवा विझला नाही, ते वहीत तारखेसह लिहा, आणि त्याच पानावर गॅरेजला जायची वेळही टाका.