फिश टँकमध्ये ड्रिफ्टवुड ठेवताय? आधी ते भिजवणं आणि उकळणं का गरजेचं आहे?

दुकानातून आणलेलं ड्रिफ्टवुड थेट टँकमध्ये ठेवलं, तर दोन गोष्टी अनेकदा होतात. लाकूड तरंगतं आणि पाण्याला काळ्या चहाचा रंग येतो. लाकूड चुकीचं निवडलं असेल, तर मासेही दगावू शकतात.

पाणी तपकिरी का होतं?

लाकडातलं टॅनिन पाण्यात उतरतं. ते विष नाही. ब्राझीलच्या रिओ निग्रो नदीचं पाणी अशाच वनस्पतीजन्य घटकांमुळे काळपट दिसतं आणि कार्डिनल टेट्रा हा मासा तिथलाच. पण टॅनिनमुळे पाण्याचा पीएच कमी होऊ शकतो. गप्पी, मॉलीसारख्या माशांना क्षारयुक्त पाणी मानवतं, त्यामुळे त्यांच्या टँकमध्ये पीएच तपासत राहा.

कोणतं लाकूड घ्यायचं?

पूर्ण वाळलेलं, कडक आणि साल निघालेलं. नखाने दाबल्यावर भुगा पडत असेल, तर ते कुजलेलं आहे. ओलं, चीक असलेलं, रंग किंवा पॉलिश लावलेलं लाकूड नको. कण्हेर विषारी असते, ती टाळाच. झाड ओळखता येत नसेल, तर ते लाकूड घेऊ नका. उकळल्याने प्रत्येक विष जातंच असं नाही.

कोकणातल्या किनाऱ्यावर सापडलेल्या लाकडात मीठ मुरलेलं असतं. ते गोड्या पाण्याच्या टँकसाठी जोखमीचं. खाडीतली तिवरं तर तोडूच नका, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.

तयारी कशी करायची?

१. कडक ब्रशने साध्या पाण्यात घासा. साबण, डिटर्जंट अजिबात नको.

२. जुन्या, स्वयंपाकात न लागणाऱ्या पातेल्यात १ ते २ तास उकळा. पाणी गडद झालं की बदला. उकळल्याने टॅनिन लवकर सुटतं, बुरशी आणि किडे मरतात.

३. मग बादलीत बुडवून वर दगड ठेवा आणि पाणी रोज बदला. लाकडातली हवा निघून तिथे पाणी भरलं की ते आपोआप तळाशी बसतं. याला १ ते २ आठवडे, मोठ्या तुकड्याला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. पातेल्यात न मावणाऱ्या तुकड्यावर उकळतं पाणी ओता आणि तो जास्त दिवस भिजवा.

पांढरा बुळबुळीत थर आला तर?

घाबरू नका. लाकडातल्या साखरेवर वाढणारे जीवाणू आणि बुरशी यांचा हा थर सहसा निरुपद्रवी असतो आणि काही आठवड्यांत जातो. गोगलगायी, कोळंबी तो आवडीने खातात. मात्र लाकूड मऊ पडलं किंवा कुजका वास आला, तर लगेच बाहेर काढा आणि टँकमधलं थोडं पाणी बदला.

रंग नकोच असेल, तर फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन टाका. नियमित पाणी बदलल्यानेही तो हळूहळू फिका होतो.