राणी कशी घडते?

तुम्ही मधमाश्यांचे मोहोळ पाहिले असेलच. एका मोहोळात हजारो माश्या राहतात. परंतु त्यांत राणी मात्र एकच असते. अंडी घालणे हे तिचे काम. मध व पराग गोळा करणे, मेणाची घरे बांधणे, अळ्यांना भरवणे, मोहोळाचे रक्षण करणे ही सारी कामे कामकरी माश्या करतात.

आता समजा, ही राणी अचानक मेली. मग मोहोळाचे काय होईल? कामाच्या दिवसांत कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. नवीन पिल्ले जन्मली नाहीत, तर थोड्याच दिवसांत मोहोळ ओस पडेल.

पण माश्या हातपाय गाळून बसत नाहीत. राणीने मरण्यापूर्वी घातलेल्या अंड्यांतून निघालेल्या काही कोवळ्या अळ्या त्या निवडतात. खरे तर या अळ्या पुढे कामकरी माश्याच झाल्या असत्या. माश्या त्यांची लहान घरे वाढवून मोठी करतात आणि त्यांना भरपूर राजान्न भरवतात. राजान्न म्हणजे कामकरी माश्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून पाझरणारा पांढरट, घट्ट रस. सुमारे बारा दिवसांत त्यांतल्या एका घरातून नवी राणी बाहेर पडते!

पहिले दोन-तीन दिवस सर्वच अळ्यांना असा रस मिळतो. पुढे कामकरी होणाऱ्या अळीला मध व पराग मिसळलेले साधे अन्न दिले जाते. राणी होणाऱ्या अळीला मात्र शेवटपर्यंत राजान्नच मिळते. अन्नातल्या या फरकाचा परिणाम किती मोठा होतो पाहा. राणी आकाराने मोठी असते. ती काही वर्षे जगते आणि ऐन हंगामात दिवसाला हजाराहून अधिक अंडी घालू शकते. कामकरी माशीचे अंडाशय खुरटलेले असतात. पण तिच्या मागच्या पायांवर पराग वाहून नेण्याच्या टोपल्या असतात. राणीला त्या नसतात.

प्राण्याच्या शरीराची घडण कशी व्हावी, याच्या सूचना त्याच्या पेशींमधील जनुकांत असतात. मग जनुके तीच असताना एक अळी राणी आणि दुसरी कामकरी कशी होते?

एक उदाहरण घेऊ. पाककृतींचे एकच पुस्तक दोन घरी आहे. एका घरी त्यावरून बिर्याणी शिजते, तर दुसऱ्या घरी शिरखुर्मा होतो. पुस्तक तेच, उघडलेले पान वेगळे. पेशींतही असेच घडते. जनुकांवर मिथाइल नावाच्या सूक्ष्म रासायनिक खुणा असतात. कोणते जनुक केव्हा व किती काम करील, हे ठरण्यात या खुणांचा वाटा असतो. जनुकांतील मजकूर न बदलता त्यांचे काम कसे बदलते, याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात.

2008 मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अशा खुणा उमटवणारे एक प्रथिन मधमाशीच्या शरीरात असते. शास्त्रज्ञांनी कोवळ्या अळ्यांमध्ये ते प्रथिन तयार होण्यास अडथळा आणला. तेव्हा त्यांतील बहुतेक अळ्या कामकरी न होता राणीसारख्या माश्या झाल्या. त्यांचे अंडाशय चांगले वाढलेले होते. राजान्नामुळे जे घडते, जवळजवळ तेच येथे खुणा बदलल्यामुळे घडले. अर्थात, राणी घडण्यात शरीरातील संप्रेरकांचाही वाटा असतो.

या साऱ्यात वेळेला फार महत्त्व आहे. अळी तीन दिवसांहून मोठी झाली, की मग कितीही राजान्न दिले तरी तिची चांगली राणी होत नाही. म्हणून मधपाळ राणी नसलेल्या पेटीत अंडी व कोवळ्या अळ्या असलेली दुसऱ्या पेटीतील चौकट ठेवतात. उरलेले काम माश्या स्वतःच करतात.

जन्माने कोणतीही माशी राणी नसते. तिला योग्य वेळी मिळालेले अन्न राणी घडवते.