स्वतःचे वाद्य, स्वतःची ध्वनिमुद्रिका

पाश्चात्य लोकप्रिय संगीतात स्त्रीचा कंठ कधीच दुर्मिळ नव्हता. नाट्यगृहात, नृत्यशाळेत, रेडिओवर आणि ध्वनिमुद्रिकांवर तो सतत ऐकू येत असे. परंतु त्या कंठाला साथ करणारी वाद्ये बहुतेक पुरुषांच्या हाती असत. गीत आणि चाल रचणारेही बहुधा पुरुषच असत. आणि ध्वनिमुद्रिका काढावी की न काढावी, हे ठरविणारे तर जवळजवळ नेहमीच पुरुष असत. रॉक संगीताचा उदय होऊन विजेची गिटार आणि ड्रम ही प्रमुख वाद्ये झाली, तेव्हा हा भेद अधिकच पक्का झाला. मुलाने गिटार मागितली तर ती हौस, आणि मुलीने मागितली तर तो चमत्कारिकपणा, अशी सर्वसाधारण समजूत होती. या स्थितीत १९७६ ते १९८२ या सहा-सात वर्षांत, मुख्यतः ब्रिटनमध्ये, जो पालट घडून आला त्याचा थोडक्यात परिचय करून देण्याचा आज विचार आहे.

या पालटाला ‘पोस्ट-पंक’, म्हणजे पंकोत्तर संगीत, असे नाव पडले आहे. तेव्हा आधी पंक म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. १९७० नंतरच्या काळात रॉक संगीत हा मोठ्या खर्चाचा आणि मोठ्या कसबाचा व्यवहार झाला होता. एकेका ध्वनिमुद्रिकेसाठी महिनेच्या महिने लागत आणि वादकांच्या चपळ बोटांचे कौतुक गाण्याहूनही अधिक होई. याविरुद्ध १९७६ मध्ये लंडनमधील काही तरुणांनी बंड पुकारले. त्यांची गाणी दोन-तीन मिनिटांची, वेगवान आणि खडबडीत असत. १९७७ च्या आरंभी एका हौशी पत्रिकेने गिटारवरील तीन स्वरमेळांची साधी चित्रे छापली आणि खाली वाचकाला सुचविले की, एवढे आले की आपला संच उभा करावा. पुढे पंकही लवकरच एका ठरीव साच्यात अडकले. तो साचा मोडून ज्यांनी जमेकाच्या रेगे संगीताकडे, जॅझकडे किंवा आफ्रिकी तालांकडे कान वळविले, त्यांचे संगीत ते पोस्ट-पंक.

तीन स्वरमेळांचे ते आवाहन काही मुलींना उद्देशून केलेले नव्हते. पण मुलींनी ते ऐकले. त्याचे कारण उघड आहे. ज्यांना कोणी शिकवलेच नाही, त्यांच्या दृष्टीने ‘शिकल्यावाचूनही आरंभ करता येतो’ या वाक्याचा अर्थ इतरांपेक्षा कितीतरी मोठा होता.

परंतु नुसत्या उत्साहाने ध्वनिमुद्रिका निघत नाही. तिला पैसा लागतो, कारखाना लागतो आणि दुकान लागते. ‘स्वतंत्र’ संगीत या शब्दाचा खरा अर्थ येथेच आहे. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या संचाने सुमारे पाचशे पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये आपली पहिली ध्वनिमुद्रिका स्वतःच काढली. हजार प्रतींपासून आरंभ झालेली ही तबकडी पुढे हजारोंनी खपली. १९७८ मध्ये ‘स्क्रिटी पोलिटी’ या संचाने तर आपल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर सगळ्या खर्चाचा तपशीलच छापून टाकला. तो वाचून कोणालाही कळावे की, हा जादूचा खेळ नसून चार हिशेबांचा मामला आहे. पश्चिम लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ मध्ये ‘रफ ट्रेड’ नावाचे दुकान उघडले आणि १९७८ पासून त्याच नावाने ध्वनिमुद्रिकाही काढावयास आरंभ केला. खर्च वजा जाता उरलेला नफा कलावंत आणि संस्था यांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, अशी त्यांची पद्धत होती. लहान संस्थांच्या ध्वनिमुद्रिका देशभर पोचविण्याची व्यवस्थाही या दुकानाभोवती उभी राहिली.

दुसरे साहाय्य रेडिओचे झाले. बी.बी.सी.वरील जॉन पील यांचा रात्रीचा कार्यक्रम अशा अपरिचित संचांना आवर्जून बोलावीत असे. ज्यांची एकही ध्वनिमुद्रिका निघालेली नाही अशांचे वादनही तो देशभर ऐकवी. ‘द स्लिट्स’ या मुलींच्या संचाने १९७७ मध्ये या कार्यक्रमासाठी वादन केले, तेव्हा त्यांची पहिली तबकडी निघण्यास दोन वर्षे अवकाश होता.

या ‘स्लिट्स’ची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. १९७६ मध्ये संच स्थापन झाला तेव्हा त्यांची गायिका अरी अप अवघी चौदा वर्षांची होती. ड्रम वाजविणारी पामोलिव्ह ही मूळची स्पेनची. खर्जाची, म्हणजे बेस, गिटार टेसा पॉलिट वाजवी. थोड्या काळाने विव्ह अल्बर्टाइन त्यांत येऊन मिळाली. तिने आपली गिटार आजीने मागे ठेवलेल्या पैशातून विकत घेतली होती. १९७७ मध्ये ‘द क्लॅश’ या गाजलेल्या संचाबरोबर त्या दौऱ्यावर निघाल्या. त्या वेळी त्यांना बसमध्ये बसू द्यावे म्हणून चालकाला वरचे पैसे चारावे लागत. अरीवर तर रस्त्यात सुरीने हल्ला झाला होता. ज्या वेषात आणि वर्तनात तरुण मुलगे नुसते वात्रट ठरत, त्याच वेषात मुली दिसल्या की लोकांना तो समाजावरचा घाला वाटे.

त्यांची ‘कट’ ही पहिली मोठी ध्वनिमुद्रिका सप्टेंबर १९७९ मध्ये निघाली. ती ‘आयलंड’ या बऱ्याच मोठ्या संस्थेने काढली होती, हे येथे सांगितले पाहिजे. स्वतंत्र वृत्ती आणि लहान संस्था या दोन्ही गोष्टी नेहमी एकत्र नांदतातच असे नाही. मुद्रणाचे दिग्दर्शन बार्बेडोसमध्ये जन्मलेल्या डेनिस बोव्हेल यांनी केले. ते रेगे संगीतातील जाणकार. रेगेमध्ये गिटारचा आघात ठळक मात्रांवर न पडता त्यांच्या मधल्या जागेत पडतो. चाल पुढे नेण्याचे काम खर्जाकडे असते. आणि रिकाम्या जागेला ताल आणि स्वर यांच्याइतकेच महत्त्व असते. बोव्हेल यांनी या मुलींच्या वादनातील कोपरे घासून गुळगुळीत केले नाहीत. त्या कोपऱ्यांमध्ये हवा खेळती ठेवली. विव्हची गिटार सलग न वाजता ओरखड्यासारखी मधूनच उमटते, आणि अरीचा आवाज क्षणात किंचाळतो तर क्षणात कुजबुजतो. ‘टिपिकल गर्ल्स’ या त्यांच्या गाण्यात मासिकांनी रंगविलेल्या ‘सर्वसामान्य मुली’ची थट्टा आहे, आणि त्याची लयही मध्येच पालटत असते. सर्वसामान्यपणा नाकारणाऱ्या गीताची चालही सर्वसामान्य राहिलेली नाही.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. या स्त्रियांना वाजविता येत नव्हते आणि म्हणूनच त्यांचे संगीत नवे झाले, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते अर्धेच सत्य आहे. अज्ञान हा काही गुण नव्हे. ‘कट’च्या आधी तीन वर्षे त्यांनी वाजविले, प्रवास केला आणि हात तयार केले. फरक एवढाच की, तो हात दुसऱ्या कोणाच्या हातासारखा व्हावा अशी त्यांची धडपड नव्हती. शिक्षण घेण्यापूर्वी त्या नक्कल करावयास शिकल्या नाहीत, हे त्यांचे भाग्य होय.

‘द रेनकोट्स’ या दुसऱ्या संचाकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. जीना बर्च आणि अ‍ॅना द सिल्व्हा या लंडनच्या हॉर्न्सी कलाविद्यालयातील विद्यार्थिनींनी १९७७ मध्ये तो सुरू केला. अ‍ॅना ही पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची. ‘स्लिट्स’मधून बाहेर पडलेली पामोलिव्ह त्यांना येऊन मिळाली, आणि व्हायोलिनवर व्हिकी अ‍ॅस्पिनॉल आली. व्हिकीचे शिक्षण शास्त्रोक्त झालेले होते. म्हणजे एकाच संचात शिकलेला हात आणि शिकत असलेला हात शेजारी शेजारी होते. १९७९ च्या अखेरीस ‘रफ ट्रेड’ने त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात कोणी नायिका नाही आणि कोणी साथीदार नाही. लय वाढते, मंदावते, आणि सगळ्याजणी एकमेकींची वाट पाहत तिला सावरून घेतात. १९८१ च्या ‘ओडीशेप’ या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत तर त्यांनी आफ्रिकेतील बालाफोन आणि कलिंबा यांच्याबरोबर आपल्याकडील एकतारीही वाजविली आहे. भजनाच्या संगतीत जिचा झंकार आपण लहानपणापासून ऐकतो, ती एकतारी लंडनच्या या मुलींना आपलीशी वाटावी, यात नवल नाही. तिला मोठ्या विद्येचा दाखला लागत नाही. कान जागा असावा लागतो.

या चळवळीचा सगळाच आवाज मोठा नव्हता. वेल्समधील कार्डिफ येथील ‘यंग मार्बल जायंट्स’ या संचात अ‍ॅलिसन स्टॅटन गात असे. शेजारी बसून बोलावे तसा तिचा स्वर होता. त्याला ना अलंकार, ना आवेश. त्यांची ‘कलॉसल यूथ’ ही ध्वनिमुद्रिका १९८० मध्ये निघाली. हर्टफर्डशरमधील ‘मरीन गर्ल्स’ या शाळकरी मुलींच्या संचात ड्रम नव्हताच. त्यांची आरंभीची गाणी बागेतील एका खोपटात मुद्रित झाली. त्यांपैकी ट्रेसी थॉर्न ही इतकी भिडस्त होती की, पहिल्याने एका संचापुढे गाण्याची वेळ आली तेव्हा ती कपड्यांच्या कपाटात शिरून गायली. पुढे ‘एव्हरीथिंग बट द गर्ल’ या नावाने बेन वॉट यांच्याबरोबर तिने जे पॉप संगीत निर्माण केले, ते जगभर ऐकले गेले. खालच्या आवाजात गाणाऱ्या स्त्रीलाही तिच्याच पट्टीत ऐकून घेतले जावे, ही सोय त्या काळाने करून ठेवली.

परंतु या स्वातंत्र्याची किंमतही मोजावी लागली. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागातील स्क्रॉगिन्स भगिनींची कथा या दृष्टीने बोलकी आहे. मुली रस्त्यावरच्या वाईट संगतीला लागू नयेत म्हणून आईने त्यांना वाद्ये आणून दिली. त्यांतून ‘ई.एस.जी.’ हा संच जन्मला. १९८१ मध्ये मँचेस्टरच्या ‘फॅक्टरी’ या स्वतंत्र संस्थेने त्यांची तबकडी काढली. तिच्यातील ‘यू.एफ.ओ.’ या वाद्यरचनेचे तुकडे पुढे कितीतरी संगीतकारांनी उचलून आपल्या गाण्यांत जोडले. भगिनींच्या पदरात मात्र त्या मानाने फारच थोडे पडले. १९९२ मध्ये त्यांनी एक तबकडी काढली आणि तिच्या नावातूनच सुनावले की, नुसत्या श्रेयाच्या उल्लेखाने आमची बिले भागत नाहीत. वाद्य हाती आले, तरी त्यातून निघालेल्या नादावरचा हक्क सांभाळणे हे वेगळेच काम आहे.

दुसरी किंमत मौनाची होती. १९८२ च्या सुमारास ‘स्लिट्स’ विखुरल्या आणि विव्ह अल्बर्टाइनने त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षे गिटारला हात लावला नाही. १९८४ मध्ये तिसरी ध्वनिमुद्रिका काढून ‘रेनकोट्स’ही थांबल्या, त्यांच्या तबकड्या बाजारातून नाहीशा झाल्या. १९९२ मध्ये अमेरिकेतील ‘निर्वाणा’ या जगप्रसिद्ध संचाचे कर्ट कोबेन त्या शोधीत लंडनला आले. अ‍ॅना द सिल्व्हा त्या वेळी एका जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करीत होती, आणि कोबेन यांनी तिला तेथे गाठले. त्यानंतर त्या ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाल्या. हा योग आनंदाचा खरा. पण एका कीर्तिमान पुरुषाने शिफारस केल्यावाचून जगाला त्यांची आठवण होऊ नये, यात खेदाचाही भाग आहे. पुढे या स्त्रियांनी आपल्या ध्वनिमुद्रिका स्वतःच्याच संस्थेतर्फे पुन्हा काढल्या, आणि विव्ह अल्बर्टाइनने २०१४ मध्ये आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. आपली हकीकत आपणच सांगावी, हे त्यांनी उशिरा का होईना ठरविले.

तोवर त्यांचा वारसा दुसरीकडे रुजलाही होता. १९९१ च्या सुमारास अमेरिकेतील ऑलिंपिया या लहानशा शहरातील तरुणींनी झेरॉक्स केलेल्या पत्रिका वाटीत आणि संच उभारीत ‘रायट गर्ल’ ही चळवळ सुरू केली. व्यासपीठासमोरची पुढची जागा मुलींसाठी मोकळी ठेवा, असे त्यांच्या गायिका कार्यक्रमाच्या वेळी सांगत.

हे संगीत प्रथम ऐकताना आपल्या कानाला ते ओबडधोबड वाटण्याचा संभव आहे. तेव्हा वरच्या स्वराचा पाठलाग न करता खर्जाकडे लक्ष द्यावे आणि दोन आघातांमधील मोकळ्या जागा ऐकाव्यात. कोणाचीही परवानगी न मागता, चुकत-माकत पण एकमेकींना सांभाळून घेत चाललेले ते काम हळूहळू कानात उलगडू लागते.