जांभळ्या द्रावणापासून पेशीच्या दारापर्यंत: अळंब्यांतील अँटिऑक्सिडंटच्या शोधाचा मागोवा

१९०९ साली शार्ल तान्रे या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने अर्गट नावाच्या बुरशीतून एक गंधकयुक्त पदार्थ वेगळा केला. अर्गट ही राय धान्याच्या कणसांत वाढणारी विषारी बुरशी. तिने मध्ययुगीन युरोपात असंख्य बळी घेतले होते. तान्रे यांना मिळालेल्या पदार्थाला एर्गोथायोनीन हे नाव पडले आणि दोनच वर्षांत त्याची रासायनिक रचनाही समजली. १९२०च्या दशकात तो प्राण्यांच्या रक्तात आढळला. माणसाचे शरीर तो तयार करत नाही, वनस्पतीही करत नाहीत. बुरशी आणि काही जिवाणूच तो बनवतात, हेही पुढे स्पष्ट झाले. मात्र शरीरात तो करतो काय, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. त्यामुळे हा पदार्थ बरीच वर्षे अडगळीत पडला.

दरम्यान विज्ञानाचे लक्ष दुसरीकडे वळले. १९५६ मध्ये डेनम हार्मन यांनी वार्धक्याचा संबंध फ्री रॅडिकल्सशी जोडला. एखादा इलेक्ट्रॉन एकटा पडलेले हे रेणू शेजारच्या रेणूवर हात मारतात आणि चरबी, प्रथिने, डीएनए यांची मोडतोड करतात. शरीरात प्राणवायू वापरला जाताना ते सतत तयार होत असतात. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी अशा रॅडिकल्सना निकामी करणाऱ्या एका एन्झाइमचा शोध लावला आणि या कल्पनेला भक्कम पाया मिळाला. मग अन्नातून, औषधी वनस्पतींतून आणि अळंब्यांतून फ्री रॅडिकल्सना रोखणारे पदार्थ, म्हणजे अँटिऑक्सिडंट, शोधायची अहमहमिका सुरू झाली.

या शोधाला एक सोपे हत्यार आधीच मिळाले होते. १९५८ मध्ये ब्लॉइस यांनी मांडलेली डीपीपीएचची चाचणी आजही रसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांच्या हातून रोज होते. डीपीपीएच हा स्वतःच एक टिकाऊ फ्री रॅडिकल. मिथेनॉलमध्ये विरघळवला की गडद जांभळा दिसतो. त्यात अळंबीचा अर्क घालून नळी अर्धा तास अंधारात ठेवायची. अर्कात हायड्रोजन देऊ शकणारे रेणू असतील तर जांभळा रंग उतरत जातो आणि द्रावण पिवळे पडते. मग ५१७ नॅनोमीटरवर रीडिंग घ्यायचे, तुलनेसाठी क जीवनसत्त्वाचेही घ्यायचे, आणि निम्मा रंग घालवायला किती अर्क लागला ते काढायचे. ही चाचणी स्वस्त आणि झटपट होणारी. त्यामुळे गॅनोडर्मा, शिताके, चागा, धिंगरी अशा शेकडो अळंब्या या नळीतून गेल्या.

आपल्या सह्याद्रीचा या इतिहासात मानाचा वाटा आहे. कोकणात फणसाच्या जुन्या खोडावर लाकडासारखे कडक, तपकिरी फणसअळंबे येते. ते पाण्यात उगाळून लहान मुलांच्या हिरड्यांना लावायचे, म्हणजे लाळ गळणे थांबते, असा लोकवैद्यकातला उपयोग. जे. जी. वैद्य आणि ए. एस. रब्बा यांनी १९९३ मध्ये पश्चिम भारतातल्या अशा बुरशींची नोंद एका शोधनिबंधात केली आणि वैदू व गावकऱ्यांकडचे ज्ञान शास्त्रीय साहित्यात आणले. केरळमध्ये त्रिशूरच्या अमला कर्करोग संशोधन केंद्रात के. के. जनार्दनन, टी. ए. अजित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय गॅनोडर्मा, धिंगरी आणि फेलिनस रिमोसस यांच्यावर वर्षानुवर्षे काम केले. फेलिनस रिमोसस हीसुद्धा फणसाच्या खोडावर वाढणारी बुरशी. तिच्या अर्काने सिस्प्लॅटिन या कर्करोगावरील औषधामुळे उंदरांच्या मूत्रपिंडांना होणारी इजा कमी झाली, हे त्यांनी २००२ मध्ये दाखवले. नळीतल्या रंगावर समाधान न मानता जिवंत प्राण्यापर्यंत जाणारे हे काम होते, म्हणून त्याचे मोल मोठे. कोरियातल्या शास्त्रज्ञांनी फेलिनसच्या कुळातल्या बुरशींतून हिस्पिडिन आणि त्याच्या जातीचे पिवळे-तपकिरी पॉलिफेनॉल शुद्ध करून त्यांची रचना ठरवली. ‘अर्क गुणकारी आहे’ याच्या पुढे जाऊन ‘हा रेणू गुणकारी आहे’ असे म्हणता येऊ लागले ते अशा कामामुळे.

पण बहुसंख्य संशोधन पहिल्याच पायरीवर अडले. रंग उतरला, आकडा मिळाला, निबंध छापला, आणि अळंबी ‘अँटिऑक्सिडंटांचा खजिना’ ठरली. बुरशीची ओळखही पुष्कळदा कच्ची असायची. गॅनोडर्मा ल्युसिडम हे मुळात युरोपातल्या बुरशीचे नाव. चिनी वैद्यकातली लिंगझी ही वेगळी जात आहे, हे मान्य होऊन तिला स्वतंत्र नाव मिळायला २०१२ उजाडले. म्हणजे ल्युसिडमच्या नावाने छापलेल्या कितीतरी निष्कर्षांत नेमकी कोणती बुरशी वापरली होती, हा प्रश्न उरलाच.

त्याहून मोठा धक्का माणसांवरच्या चाचण्यांनी दिला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निकाल १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. नळीत उत्तम ठरलेला रेणू माणसाच्या शरीरात घात करू शकतो, हे जगाला कळले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली कोष्टके संकेतस्थळावरून काढून टाकली. त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नाही, हे त्यामागचे कारण.

या पार्श्वभूमीवर एर्गोथायोनीनचे पुनरागमन मला फार महत्त्वाचे वाटते. २००५ मध्ये जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठात डिर्क ग्रुंडेमान यांच्या गटाने दाखवले, की आपल्या पेशींच्या आवरणात हा रेणू आत ओढून घेणारे खास प्रथिन आहे. शरीर ज्या पदार्थासाठी स्वतंत्र दार राखते, तो पदार्थ त्याला हवासा असणार, असा विचार मग पुढे आला. तांबड्या पेशी, अस्थिमज्जा, यकृत, डोळ्याचे भिंग अशा ठिकाणी तो साठतो. हे प्रथिन नसलेले उंदीर ऑक्सिडीकरणाच्या ताणाला लवकर बळी पडतात. सिंगापूरमध्ये वयस्करांच्या रक्तात, विशेषतः स्मरणशक्ती किंचित मंदावलेल्यांत, त्याचे प्रमाण कमी आढळले. स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या तीन हजारांहून अधिक लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या अभ्यासात रक्तातले एर्गोथायोनीन जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकार आणि मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. हा संबंध आहे, कार्यकारणभाव अजून सिद्ध व्हायचा आहे.

आपल्या बाजारात मिळणाऱ्या धिंगरीत हा रेणू बटण अळंबीपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि शिजवल्यावरही बराचसा टिकतो. भाताच्या किंवा गव्हाच्या काडावर वाढणारी ही अळंबी ताटात यावी, असे मी मनापासून म्हणेन. महागड्या पुड्या आणि कॅप्सूलबद्दल मात्र तसे म्हणवत नाही. चागाची पूड दीर्घकाळ घेतल्याने त्यातल्या ऑक्झलेटमुळे मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत.

या शतकभराच्या वाटचालीतून आपल्या संशोधकांसाठी कामाचा क्रम स्पष्ट होतो. आधी डीएनएच्या आधारे बुरशीची जात पक्की करावी आणि तिचा नमुना संग्रहालयात ठेवावा. मग रेणू शुद्ध करावा, तो रक्तात पोहोचतो का ते मोजावे आणि शेवटी माणसांवर काळजीपूर्वक चाचणी घ्यावी. सह्याद्रीतल्या फणसअळंब्याला या चारही पायऱ्यांवरून नेणे आपल्या विद्यापीठांच्या आवाक्यातले आहे. त्याच्या उपयोगाचे ज्ञान जपणाऱ्या वैदू-गावकऱ्यांचे ऋण फेडायचे तर हे काम व्हायलाच हवे.